पिन गरम का होते?

इस्त्री आटोपली की आपण पिन काढायला जातो आणि बोटांना चटका बसतो. 'इस्त्रीच ती, तापणारच,' असं म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, तापायचं काम इस्त्रीच्या तळाचं, पिनेचं नाही. पिन हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर बोर्डात काहीतरी बिनसलंय. ते समजायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. भाजीवालीकडे पावशेर मिरच्यांचा हिशेब आपण तोंडी करतो, त्याच जातीचं गणित आहे हे.

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला जोर. हा जोर म्हणजे व्होल्टेज. आपल्या घरात तो २३० व्होल्ट धरतात. नळातून वाहणारं पाणी म्हणजे करंट, तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाण्याला अडवणारा अरुंद पाइप म्हणजे रोध. त्याचं माप ओहम. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात आणि दोघांचा गुणाकार केला की वॉट. बस्स, एवढंच! ज्याच्या नावाचा हा ओहम, तो जर्मनीतला एका कुलपं करणाऱ्याचा मुलगा. पुढे शाळामास्तर झाला आणि १८२७ साली त्याने हा नियम छापला. त्याच्या देशात सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. असो.

आता घरातली पाणी तापवायची रॉड घ्या. तिच्यावर १५०० वॉट लिहिलेलं असतं. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. बोर्डावरचं छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. ६ गुणिले २३० केले की १३८०. म्हणजे त्या सॉकेटची ताकद १३८० वॉटपर्यंतच. तरीही कितीतरी घरांत रॉडच्या मोठ्या पिनेला अडॅप्टर लावून ती छोट्या सॉकेटात खुपसलेली दिसते. वर त्याच एक्स्टेंशन बोर्डवर हजार वॉटची इस्त्री! दोन्ही मिळून २५०० वॉट, म्हणजे जवळजवळ ११ अँपिअर. मोठं सॉकेट १६ अँपिअरचं असतं, ते ३६८० वॉटपर्यंत चालतं. रॉड, गिझर, इंडक्शनची शेगडी यांची जागा तिथेच.

आता पिनेकडे वळू. सॉकेटातली पितळी पट्टी सैल झाली की पिन नीट टेकत नाही. समजा, त्या सैल जागी अर्धा ओहम रोध तयार झाला. अर्धा म्हणजे किती क्षुल्लक, हो ना? पण उष्णतेचा हिशेब असा आहे की अँपिअरला अँपिअरनेच गुणायचं आणि मग रोधाने. साडेसहा गुणिले साडेसहा गुणिले अर्धा, म्हणजे २१ वॉट. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडची झाळण्याची छोटी सोल्डरिंग २५ वॉटच्या आसपासची असते. जवळपास तेवढी उष्णता प्लॅस्टिकच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडलेली! रॉड आणि इस्त्री एकत्र लावली तर करंट पावणेदोन पटही होत नाही, पण उष्णता होते ५९ वॉट. पावणेतीन पट.

आणि यात फ्यूज उडत नाही, ही खरी मेख आहे. फ्यूजला कळतं ते फक्त किती करंट वाहतोय. सैल पिनेमुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. त्यामुळे फ्यूज निवांत, एमसीबी निवांत, आणि इकडे भिंतीवरचा बोर्ड वितळतोय. अशा वेळी आपलं नाक आणि डोळेच कामाला येतात. सॉकेटभोवती तपकिरी डाग, पिनेवर काळेपणा, माशांसारखा उग्र वास, बोर्डातून चरचर आवाज, यातलं काहीही जाणवलं तर मेन बंद करून सॉकेट बदलून घ्या. पन्नास-शंभर रुपयांकडे बघून चिकटपट्टीवर भागवू नका. उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणाऱ्या घरांबद्दल तर न बोललेलंच बरं.

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं की रॉडचं काय होतं? तिचा रोध ३५ ओहमच्या आसपास, तो बदलत नाही. १८० भागिले ३५, म्हणजे सुमारे ५ अँपिअर, आणि वॉट उरतात जेमतेम सव्वानऊशे. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे. मीटरही तितकाच हळू पळतो, त्यामुळे बिलाची चिंता नको. पंपाची मोटर, जुना फ्रिज यांचं मात्र उलटं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. तेव्हा अशा वेळी पंप बंद ठेवलेला बरा.

शेवटचा भागाकार आपल्या स्वतःच्या अंगाचा. ओल्या हाताच्या माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरतात. २३० भागिले १०००, म्हणजे पाव अँपिअरला थोडा कमी. मिलिअँपिअरमध्ये २३०. जीव जायला याहून कितीतरी कमी करंट पुरतो. म्हणून रॉड बादलीत असताना पाणी तापलं का हे बोटाने बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच हात पाण्यात. लोखंडी बादली तर नकोच. घरात आरसीसीबी बसवलेली असेल, तर ३० मिलिअँपिअर गळती झाली की ती वीज तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबून बघा. खटकन लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर वायरमनला बोलवा, आणि आलाच आहे तर अर्थिंगची वायर खरोखर जमिनीत उतरलीय की बोर्डामागेच संपलीय, हेही त्याच्याकडून बघून घ्या.