बरगे घातलेला पोर्ट

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. याच बावड्यातल्या एका कॉलेजात ऐन परीक्षा अर्जांच्या दिवसांत सगळं नेटवर्क सकाळभर ठप्प झालं, असं एका मित्राकडून कळलं, म्हणून मी गेलो.

नेटवर्क सांभाळणाऱ्या तरुणानं हातभर निळी पॅच कॉर्ड पुढं केली. “एवढ्या वायरीनं कॉलेज बंद पाडलं, सर.” टेबलाखाली लोंबणारं टोक कुणीतरी आवरासावर करताना रिकाम्या पोर्टात खोचलं होतं; दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. “दिवे सगळे एकदम लुकलुकाय लागले की ओळखायचं, लूप झालाय.”

इंटरनेटच्या पॅकेटवर आयुष्याचा आकडा असतो. प्रत्येक राउटरपाशी तो एकानं घटतो आणि शून्य झाला की पॅकेट संपतं. इथरनेटच्या फ्रेमला असा आकडाच नाही. ‘हा पत्ता कुणाचा?’ अशी सर्वांना घातलेली एक हाक लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, आणि दर फेरीला साऱ्या पोर्टांतून पुन्हा बाहेर पडते.

यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना मांडला: स्पॅनिंग ट्री. १९९० मध्ये त्याचं मानक झालं, २००१ मध्ये वेगवान आवृत्ती आली. स्विच दर दोन सेकंदांनी ‘हॅलो’ संदेशांची देवाणघेवाण करतात, एकाला रूट मानतात, त्याच्याकडे जाणारी जवळची वाट धरतात आणि जादा वाटेचा पोर्ट अडवतात. केबल जोडलेलीच असते, फक्त बंधाऱ्यात पाणी अडवायला बरगे घालावेत तशी वाट बंद. मुख्य केबल तुटली की बरगे निघतात. जुन्या पद्धतीत याला ३० ते ५० सेकंद लागत.

मला गुंतवलं ते रूटच्या निवडीनं. ज्याचा प्राधान्यक्रमाचा आकडा लहान, तो रूट; पण कारखान्यातून असा स्विच सहसा ३२७६८ हाच आकडा घेऊन येतो. बरोबरी झाली की सर्वांत लहान मॅक पत्ता जिंकतो, आणि तो बहुतेकदा जुन्या खोक्याचा असतो. इथं माळ्यावरचा एक थकलेला स्विच असाच रूट होऊन बसला होता. या तरुणानं मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ दिलं. दोन ओळींचं काम, पण त्यासाठी त्यानं आधी इमारतीतली जवळपास केबल न् केबल कागदावर काढली. ही शिस्त मला फार मोलाची वाटली.

अडचण कडेच्या पोर्टांची आहे. संगणकाच्या पोर्टला ‘तुझ्यामागे स्विच नाही’ असं सांगून ठेवतात. तरी तिथून हॅलो आला तर पोर्ट बंद पडतो. पण बाजारातून आणलेले काही स्वस्त, साधे स्विच हॅलोच गिळतात. मग स्पॅनिंग ट्री आंधळं होतं. म्हणून त्यानं वेगळं लूप-शोधनही चालू केलंय: स्विच स्वतःची चाचणी-फ्रेम सोडतो, ती परत आली की पोर्ट बंद.

बंद पडलेला पोर्ट आपोआप उघडावा का? कॉर्ड तशीच असेल तर पुन्हा तेच. न उघडावा, तर प्रात्यक्षिक परीक्षा सुरू असतानाही कुणीतरी जिना चढायला हवा. त्यानं दुसरा पर्याय निवडलाय, आणि चढणारा तो एकटाच आहे. त्याच्या सावधपणाला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क स्पॅनिंग ट्री कोलमडल्यानं काही दिवस बंद होतं. डॉक्टर कागदावर परतले होते. ते वाचल्यापासून तो साखळीत सातपेक्षा जास्त स्विच येऊ देत नाही.

त्याच्या नकाशात तीन प्रयोगशाळा अजून कोऱ्या आहेत. आम्ही तो पाहत असतानाच पडद्यावर एक ओळ उमटली: दुसरा मजला, पोर्ट १४, बंद. त्यानं किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि जिन्याकडे निघाला.