प्रथम कोणाला वळण लावावे? : जव्हार-मोखाड्यातील खोंडांची निवड व तिच्यामागील तत्त्व

जेथे शिकविणारा एक, शिकणारे अनेक आणि वेळ मोजका असतो, तेथे कोणाला आधी शिकवावे हा प्रश्न टाळता येत नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत हा प्रश्न दरवर्षी दिवाळीनंतर गोठ्यात उभा राहतो. घरात दोन-तीन गोऱ्हे वयात येत असतात. जोडीतील एक बैल म्हातारा झालेला असतो आणि त्याची जागा येत्या आषाढापूर्वी भरून काढावयाची असते. परंतु हिवाळ्या-उन्हाळ्याच्या काही महिन्यांत एकाच खोंडाला नीट वळण लागेल, एवढीच सवड बहुतेक घरांना मिळते. निवड चुकली तर तिचे फळ पावसाळ्यात भोगावे लागते. खाचराची चिखलणी वेळेवर होत नाही, उसन्या जोडीची वाट पाहावी लागते, आणि तोवर राबातील रोप निबर होऊन पिकाचा उतारा घटतो.

ही निवड जनावराच्या अंगावरून करावी, म्हणजे जो खोंड सर्वांत उमदा व थोराड दिसतो त्यालाच आधी जुंपावे, असे वरवर पाहता वाटते. हे मत कितपत ग्राह्य आहे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून प्रथम असे एक उदाहरण घेणे सोयीचे होईल, की ज्यात सर्व राशी आधीच ठरलेल्या आहेत. १९९६ साली जपानमध्ये ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ-खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळणारा निरनिराळे काल्पनिक प्राणी पकडतो, त्यांना लढावयास शिकवितो आणि त्यांच्या बळावर एकेका आखाड्याचा प्रमुख जिंकीत पुढे जातो. एका वेळी सहाच प्राणी जवळ बाळगता येतात. प्रत्येक लढाईतून काही अनुभवांक मिळतात; मात्र ते लढाईत उतरलेल्या प्राण्यांत विभागले जातात. म्हणजे शिकविण्याचा वेळ येथे अंकांत मोजता येतो, आणि तो अनेकांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच येतो.

या खेळातील तीन प्राण्यांची तुलना बोधप्रद आहे. कॅटरपी नावाची अळी दहाव्या पातळीवर फुलपाखरू होते. तेथवर पोचण्यास एकूण १,००० अनुभवांक पुरतात. मॅजिकार्प हा दुबळा मासा विसाव्या पातळीवर ग्याराडॉस नावाच्या भयंकर जलसर्पाचे रूप घेतो. त्यास १०,००० अनुभवांक लागतात. ड्रॅटिनी हा नागसदृश प्राणी पंचावन्नाव्या पातळीवर ड्रॅगनाइट होतो, आणि त्याचा खर्च सुमारे २,०८,००० अनुभवांकांचा आहे. अंतिम बळाचा विचार केला तर ड्रॅगनाइट श्रेष्ठ आणि फुलपाखरू कनिष्ठ, यात वाद नाही. परंतु जितक्या श्रमात एक ड्रॅगनाइट तयार होतो, तितक्या श्रमात वीस जलसर्प तयार होऊ शकतात. आणि खेळातील पहिले अडथळे तर ड्रॅगनाइट तयार होण्याच्या पुष्कळ आधी येतात.

पहिल्या अडथळ्याचे महत्त्व आरंभीच्या निवडीतही दिसते. खेळणाऱ्यास सुरुवातीस तीनपैकी एक प्राणी मिळतो : वनस्पतिगुणी बल्बासॉर, अग्निगुणी चारमँडर किंवा जलगुणी स्क्वर्टल. पहिल्या आखाड्याचा प्रमुख ब्रॉक हा पाषाणगुणी प्राणी बाळगतो. पाणी व वनस्पती यांपुढे पाषाण लवकर हरतो, तर अग्नीचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. चारमँडरच्या पुढील रूपाला भुलून त्याची निवड करणारास या पहिल्याच आखाड्यात अधिक कष्ट पडतात.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मॅजिकार्पला शिकविण्याची रीत. हा मासा प्रारंभी लढूच शकत नाही. म्हणून खेळणारा त्याला क्षणभर पुढे करतो, लगेच मागे घेतो आणि दुसऱ्या तयार प्राण्याकडून लढाई जिंकून घेतो. तरीही अनुभवांकांचा वाटा माशाला मिळतो. अर्थात, ज्याच्याजवळ आधीच एक भरवशाचा प्राणी आहे, त्यालाच मॅजिकार्प वाढविता येतो. यावरून असे दिसते, की आधी तयार केलेल्या प्राण्याचे मोल केवळ त्याच्या स्वतःच्या पराक्रमात नसते. पुढच्यांना शिकविण्याचा तो आधार असतो, यातही त्याचे मोल असते. आरंभीच्या निवडीचे मुख्य तत्त्व हेच म्हणता येईल.

आता हे तत्त्व जव्हार-मोखाड्याच्या गोठ्यात लावून पाहावयाचे आहे. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. उतारावर नागली व वरई, आणि सखल जागी बांध घालून केलेल्या अरुंद खाचरांत भात, अशी येथील शेतीची मांडणी आहे. येथील गुरे मुख्यतः डांगी जातीची व तिच्या मिश्रणाची आहेत. डांग, नाशिकचा पश्चिम भाग, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुका व सह्याद्रीचा हा उतार, असा या जातीचा प्रदेश आहे. तिची चाल मंद असते. परंतु त्वचेतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावामुळे ती मुसळधार पावसात टिकाव धरते, आणि तिचे काळे कठीण खूर खडकाळ वाटेवर सहसा झिजत नाहीत. म्हणजे या प्रदेशाचा जो पहिला आखाडा, भर पावसातील चिखलणी, त्यासाठी आवश्यक असलेला गुण जातीतच आहे. प्रश्न उरतो तो एकाच जातीतील खोंडांमधून निवड करण्याचा.

येथे पहिली कसोटी वयाची. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला तो दुसा आणि चार आलेला तो चौसा. दुसा होण्याचे वय साधारणतः दोन ते अडीच वर्षे व चौसा होण्याचे सुमारे तीन वर्षे धरतात. थोराड दिसणारा आदत आणि मध्यम बांध्याचा दुसा यांत या वर्षी वळण लावावयाचे तर दुसाच योग्य ठरतो. कारण तो आषाढापर्यंत कामास येऊ शकतो. दुसरी कसोटी स्वभावाची. मागे हलका ओंडका बांधला असता जो थोडे बिचकून पुन्हा सरळ चालू लागतो, तो लवकर शिकतो. जो प्रत्येक आवाजास उसळतो, त्याला अधिक दिवस लागतात. तिसरी कसोटी जोडीची. उंची व पावलाची लांबी जुन्या बैलाशी न जुळल्यास जू एका बाजूस कलते आणि एकाच खांद्यावर भार पडतो. उमद्या खोंडाला निवडण्यात होणारी चूक पुष्कळदा येथेच उघडी पडते. जनावर उत्तम असते, पण जोडी उत्तम होत नाही.

या तिन्ही कसोट्यांच्या मागे जुना बैल उभा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. नव्या खोंडाला शिकविण्याचे अर्धे काम तोच करतो. वेसण घातलेला खोंड प्रथम त्याच्या शेजारी नुसत्या जुवाखाली फिरविला जातो, मग दोघांमागे ओंडका लावतात, आणि शेवटी नांगर. वळावे कोठे, थांबावे केव्हा, हे खोंड मालकाच्या शब्दावरून शिकण्यापूर्वी शेजाऱ्याच्या पावलावरून शिकतो. मॅजिकार्पच्या रीतीशी याचे साम्य स्पष्ट आहे. म्हणून जो खोंड आज शिकणार आहे, तो आठ-दहा वर्षांनी दुसऱ्याचा शिक्षक होणार आहे, हे जाणून निवड करणे इष्ट ठरते. त्या दृष्टीने अफाट ताकदीच्या पण भडक स्वभावाच्या खोंडापेक्षा शांत व मध्यम बळाचा खोंड आधी तयार करणे श्रेयस्कर होय. भडक खोंडाला पुढे त्याच्याच आधाराने वळण लावता येते. उलट क्रम मात्र साधत नाही.

खेळ आणि गोठा यांतील भेदही तितकेच विचारात घेतले पाहिजेत. खेळात लवकर शिकविण्याने प्राण्याचे कोणतेही नुकसान होत नाही. खोंडाच्या बाबतीत लवकर शिकविणे आणि लवकर ओझे घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेसण, हाक व शेजाऱ्याबरोबर चालणे यांची सवय लहान वयात लावणे हितावह असते. परंतु हाडे पक्की होण्यापूर्वी जड नांगर ओढावयास लावल्यास खांदेसूज येते, आणि जू दुखते हे एकदा ठसलेला खोंड पुढे जुवाखाली मान घालण्यास नाखूश राहतो. येथे घाई केल्यास आधीचे वळणही वाया जाते.

दुसरा भेद ज्ञानाचा. मॅजिकार्प विसाव्या पातळीवर बदलणार हे निश्चित आहे. खोंडाविषयी असे निश्चित विधान कोणी करू शकत नाही. म्हणून एकाची निवड करून टाकण्यापूर्वी दोघा-तिघांना काही दिवस ओंडक्याला लावून पाहण्यात शहाणपण असते. या परीक्षेस खर्च थोडा येतो, आणि तिच्यातून मिळणारी माहिती दात व बांधा यांवरून मिळणाऱ्या माहितीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

तिसरा भेद सर्वांत गंभीर आहे. खोंड कामासाठी निवडला म्हणजे तो पुढे खच्ची केला जातो, आणि हा निर्णय फिरविता येत नाही. दरवर्षी सर्वांत उत्तम खोंडच जुवासाठी निवडला गेला, तर कळपात वळू म्हणून दुय्यम जनावर उरते आणि त्याचेच गुण पुढील पिढीत उतरतात. एका घराच्या दृष्टीने योग्य असलेली निवड अशा रीतीने साऱ्या पाड्याच्या गुरांना हानिकारक होऊ शकते. उपर्युक्त खेळात हा पेच मुळात नव्हता. १९९९ साली निघालेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत प्राण्यांच्या पैदाशीची सोय आली, पण तेथेही शिकविलेला प्राणी पैदाशीस अपात्र ठरत नाही. प्रत्यक्षातील पेच सोडविण्यास घराचा हिशोब पुरत नाही. कोणाचा खोंड वळू म्हणून राखावा, हे पाड्याने मिळून ठरविणे आवश्यक होते. मध्यम पण शांत खोंड आधी जुंपण्याचे धोरण येथेही उपयोगी पडते, कारण त्यामुळे उत्तम खोंडाविषयीचा निर्णय एक-दोन वर्षे लांबविता येतो.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की आरंभीच्या निवडीत अंतिम बळाला दिले जाणारे महत्त्व अवास्तव असते. पहिला अडथळा कोणता, तो येईपर्यंत कोण तयार होईल, आणि कोणाच्या आधाराने पुढच्यांना शिकविता येईल, हे तीन प्रश्न त्याहून आधी विचारावयाचे आहेत. यांपैकी तिसरा आज विशेष निकडीचा झाला आहे. सखल शेतांत आता पॉवर टिलर आले आहेत, आणि बैलजोडी बाळगणे अनेक घरांना परवडेनासे झाले आहे. तथापि अरुंद खाचरांत व चढणीच्या जमिनीत बैलाची गरज संपलेली नाही. अशा स्थितीत नवा खोंड तयार होण्यापूर्वीच म्हातारा बैल विकला गेला, तर घरातून केवळ एक जनावर जात नाही, तर पुढच्या खोंडाचा शिक्षकही जातो. त्यानंतर कितीही उमदा खोंड आणला, तरी त्याला शेजारी चालून दाखविणारे गोठ्यात कोणी उरत नाही.