‘मला कुठं काय होतंय?’

आत्याच्या देव्हाऱ्याखालच्या खणात बीपीच्या गोळ्यांचं एक पाकीट सापडलं. दहापैकी तीन घेतलेल्या, सात तशाच. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत बीपी नॉर्मल आलं आणि तिनं गोळी बंद केली. “मला कुठं काय होतंय? उगाच कशाला औषधं पोटात घालायची?” असं ती सांगायची आणि आम्ही सगळे मान डोलवायचो. मग एका सकाळी फुलं तोडताना तिच्या उजव्या हातातली परडी खाली पडली, तोंड डावीकडे ओढलं गेलं, बोलणं बोबडं झालं. शेजारच्या आजी म्हणाल्या, वारं गेलंय. तेल कोमट करून हातापायाला चोळण्यात सकाळ सरली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज आमच्या घरी त्या एका सकाळी हजर होते. आज ते एकेक करून सोडवायचे आहेत. त्यात एक गैरसमज जरा मोठ्या वर्तुळातला आहे. तो म्हणजे जगातल्या देशांनी एकत्र येऊन या आजारांवर जे काम चालवलंय, ते आपल्यासाठी नाहीच.

आधी आत्याचं वाक्य घेऊ. बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, घाम फुटतो. तसं काही नसेल तर बीपी नाही, ही समजूत घरोघरी आहे. बहुतेकांना प्रत्यक्षात काहीच होत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं आतल्या आत झिजत राहतात आणि माणूस शेतात, ऑफिसात, स्वयंपाकघरात नेहमीसारखा वावरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये उच्च रक्तदाबावर आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार 30 ते 79 वयाच्या सुमारे 130 कोटी लोकांना हा त्रास आहे, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना त्याचा पत्ता नाही आणि पाचांपैकी फक्त एकाचं बीपी आटोक्यात आहे. कळण्याचा मार्ग एकच, दंडाला पट्टा बांधून मोजणं.

मोजणंसुद्धा नीट व्हायला हवं. जिना चढून आल्या आल्या, बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, सिस्टरशी गप्पा मारत घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, तोंड बंद. जिनिव्हापासून गावच्या उपकेंद्रापर्यंत पद्धत हीच. सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजलं, तरच साताऱ्याचा आकडा आणि ढाक्याचा आकडा शेजारी ठेवून काही शिकता येतं. देशादेशांमधल्या सहकार्याची सुरुवात इतकी साधी असते.

“बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद.” ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे. बांध घातलाय म्हणून ओढ्याचं पाणी शेतात शिरत नाही. पाणी शिरत नाही म्हणून कुणी बांध फोडत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डॉक्टर गोळी कमी करूही शकतात, पण तो निर्णय त्यांचा. “गोळ्यांनी किडनी खराब होते” हे तर अगदी उलटं धरलेलं टोक आहे. किडनी खराब करतं ते न आवरलेलं बीपी. नेहमीच्या गोळ्या किडनीलाही सांभाळतात.

दुसरी समजूत अशी की हा श्रीमंतांचा, शहरातल्या, खुर्चीत बसणाऱ्यांचा आजार. जगात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली 52 देशांत ‘इंटरहार्ट’ नावाचा अभ्यास झाला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातले रुग्णही होते. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यवर्ती वय दक्षिण आशियात 53 निघालं, इतर ठिकाणी ते 59 च्या घरात होतं. म्हणजे मुलांची शिक्षणं, घराचं कर्ज अंगावर असतानाच आपल्याकडे माणूस कोसळतो. तंबाखू, बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, आहार, ताण अशा नऊच गोष्टींनी झटक्याच्या धोक्याचा 90 टक्क्यांहून अधिक भाग उलगडतो, असं त्यात दिसलं.

“आमच्यात खानदानीच आहे” म्हणून हात टेकणाऱ्यांनी फिनलंडचा उत्तर कारेलिया भाग पाहावा. 1972 मध्ये तिथं काम सुरू झालं तेव्हा तिथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकारानं जात होते. लोणी, सिगारेट, मीठ कमी करण्यासाठी पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरनं गावच्या महिला मंडळांना, डेअऱ्यांना, दुकानदारांना सोबत घेतलं. पुढच्या चाळीसेक वर्षांत कामकऱ्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. माणसं तीच होती, खानदानंही तीच.

आता सहकार्याबद्दलची शंका. “परदेशी संस्थांचा प्रकल्प म्हणजे त्यांची औषधं खपवायची सोय,” असं मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. शंका घेणं चूक नाही, म्हणून काय घडलं ते नीट पाहू. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटनेचं भारतातलं कार्यालय आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज’ ही संस्था, असे सगळे त्यात होते. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले 25 जिल्हे घेतले. आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा त्यांत होते.

तिथं महागडं यंत्र आलं नाही आणि नवं औषधही आलं नाही. प्रत्येक राज्यातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून कोणती गोळी आधी, कोणती नंतर याचा एकच ठरलेला क्रम आखला. गोळ्याही ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा, ज्यांची पेटंटं केव्हाच संपलीत आणि ज्या आपल्याच देशातले कितीतरी कारखाने बनवतात. क्रम एकच असल्यामुळे किती गोळ्या लागतील याचा अंदाज आधी बांधता आला आणि उपकेंद्रात साठा ठेवता आला. चार दिवसांच्या गोळ्या देऊन पुन्हा बोलावण्याऐवजी महिन्याभराच्या एकदम देता आल्या. रुग्णाच्या हाती ‘बीपी पासपोर्ट’ नावाचं कार्ड दिलं, आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याला फोन जाऊ लागला. 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते 130 हून अधिक जिल्ह्यांत पोचलं होतं, सुमारे 34 लाख लोक सरकारी केंद्रांतून उपचार घेत होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं बीपी आटोक्यात होतं.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती न आलेल्या माणसाला केलेला फोन. आत्याला तसा फोन आला असता तर, हा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

आणि सहकार्याचं पाणी एकाच दिशेनं वाहत नाही. भारतात वापरून घासून-पुसून झालेलं रुग्णांच्या नोंदींचं ‘सिंपल’ हे ॲप बांगलादेश आणि इथिओपियातही वापरलं जातं. आपल्याकडच्या जेनेरिक गोळ्या आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत जातात.

मिठाबद्दल मात्र आपण अजून स्वतःची समजूत घालतो. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; म्हणजे घरचा एक सपाट छोटा चमचा, त्यात भाजी-आमटीपासून पापड, लोणचं, फरसाण, सुकटापर्यंत सगळं आलं. “आम्ही सैंधवच वापरतो” हे उत्तर नेहमीचं आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. उपासाला चालतं म्हणून ते बीपीला चालतं असं नाही. चीनच्या उत्तर भागातल्या 600 गावांत ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तिथल्या संशोधकांबरोबर सुमारे 21 हजार लोकांवर पाच वर्षं एक प्रयोग केला. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता किंवा ती वयस्क आणि बीपी असलेली माणसं होती. निम्म्या गावांना तीन चतुर्थांश साधं मीठ आणि एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं मीठ घेऊ नये.

मशेरीचंही तसंच. “मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते,” असं म्हणणाऱ्या बायका गावोगाव भेटतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. चघळायच्या तंबाखूनं हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त होतो, हे 52 देशांच्या त्याच अभ्यासात दिसलं.

शेवटी ते वारं. पक्षाघात हातापायात होत नाही, मेंदूत होतो. मेंदूकडे जाणारं रक्त गुठळीनं अडतं किंवा रक्तवाहिनी फुटते. हात चोळून मेंदूतली गुठळी निघत नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. रक्त अडलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतल्या सुमारे 19 लाख पेशी मरतात. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय, यांतलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करायचा, आणि सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवायचं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. आम्हाला विचारला, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

आत्याचा उजवा हात अजून पूर्ण वळत नाही. गोळ्यांचं पाकीट आता देव्हाऱ्याखाली नसतं, स्वयंपाकघरातल्या फडताळात चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं असतं, आणि मागे बीपीचं कार्ड. चहा झाला की ती डाव्या अंगठ्यानं पाकिटाचा कागद फोडते. वेळ लागतो. आम्ही मदतीला पुढं झालो तर तिला खपत नाही.