घरच्या संगणकाला जोडीचा मोबाईल : घेण्यापूर्वी काय पाहाल?



गोठ्यात एक बैल असला आणि त्याला जोड आणायची असली, तर शेतकरी आधी घरच्या बैलाची उंची अन् चाल पाहतो, मग बाजारात जातो. मोबाईलचेही तसेच आहे. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या आपल्या भागात मुलांच्या शिक्षणापायी कित्येक घरांत संगणक आला आहे. मात्र मोबाईल घेताना आपण फक्त कॅमेरा आणि किंमत विचारतो. घरी आल्यावर कळते की दोघांचे जमत नाही.

हा हौसेचा विषय नव्हे, कागदपत्रांचा आहे. ऊस तुटून गेला की आपल्या हाती वजनपावती राहते. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि पुढील विलंबाला सालाना १५ टक्के व्याज, अशी तरतूद आहे. पण हिशेब विचारायचा तर तारीख आणि वजन दाखवता आले पाहिजे. काही पावत्या गुळगुळीत कागदावर उष्णतेने छापलेल्या असतात. ऊन आणि घाम लागून त्यांची अक्षरे पुसट होतात. म्हणून पावतीचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढावा आणि तो संगणकात जपावा. डिजिटल सहीचा सातबारा, बँकेचा उतारा, ठिबकची बिले यांचेही तेच. मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो. म्हणून तो टोपले समजा आणि संगणक कणगी. टोपल्यातले कणगीत सहज पडले पाहिजे.

त्यासाठी पाच गोष्टी पाहाव्यात.

१) घरचा संगणक कोणता? आपल्याकडे बहुतेक विंडोजवर चालतात. त्याला अँड्रॉइड मोबाईल वायरने जोडला, मोबाईलच्या पडद्यावर ‘फाईल ट्रान्सफर’ निवडले, की तो पेनड्राइव्हसारखा उघडतो. आयफोनचे फोटोही विंडोजवर येतात, पण ते निराळ्या प्रकारात साठवलेले असल्याने जुन्या संगणकावर उघडत नाहीत. त्याच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ केल्यास पुढचे फोटो साध्या प्रकारात निघतात. उलट घरी ॲपलचा मॅक असेल तर आयफोन सोयीचा, कारण मॅक अँड्रॉइड मोबाईल थेट उघडत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात असू द्या.

२) वायर. नव्या मोबाईलला ‘टाईप-सी’ भोक असते; आयफोनलाही २०२३ च्या १५ क्रमांकापासून तेच आहे. जुन्या संगणकाला मात्र रुंद चपटे भोक असते. डब्यातील वायरीची दोन्ही टोके टाईप-सी निघाली तर ती तिथे बसणार नाही. एक टोक रुंद असलेली वायर मागून घ्या. काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्यांतून एकही फोटो पलीकडे जात नाही.

३) इंटरनेट. जुन्या टेबलावरच्या संगणकात पुष्कळदा वाय-फाय नसते. अशा वेळी अँड्रॉइड मोबाईल वायरने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की मोबाईलचे नेट संगणकाला मिळते. सातबारा मोठ्या पडद्यावर पाहायला, अर्ज भरायला हे फार कामी येते. आपल्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज आहे ते मात्र आधी पाहावे.

४) मराठी अक्षर. संस्थेचा ठराव किंवा अर्ज संगणकावर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केला, तर मोबाईलवर तो इंग्रजी अक्षरांचा गिचमिड काला दिसतो. मोबाईल बिघडलेला नसतो. जुना फॉन्ट त्याच्यात नसतो. मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा, म्हणजे दोन्हीकडे सारखाच दिसेल. जुना मजकूर पाठवायचा तर पीडीएफ करून पाठवा.

५) साठा आणि आयुष्य. १२८ जीबी साठा घरगुती कामाला पुरेसा आहे. सुरक्षा दुरुस्ती किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला जरूर विचारा. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तो मोबाईल दोन वर्षांत उघडा पडला, तर स्वस्त घेतलेला महाग पडतो.

खरी परीक्षा दुकानातच घ्यावी. लॅपटॉप असेल तर सोबत न्या; नसेल तर दुकानदाराच्या संगणकाला मोबाईल जोडायला सांगा. एक फोटो काढून संगणकात टाकून पाहा, नेट जोडून पाहा, एक मराठी कागद उघडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे, त्यात संकोच कसला?

आणखी एक सूचना. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो, बारीक आकडे फाटतात. पावती पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

मोबाईल घरी आला की संगणकात ‘गाळप हंगाम’ आणि साल अशा नावाचे खाते उघडा. दर आठवड्याला पावत्या त्यात उतरवा, पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा. मूळ कागद मात्र टाकून देऊ नये. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी घरच्या शिकत्या मुला-मुलीला जवळ बसवून करून घ्यावे. हंगामाच्या शेवटी बिल हाती येईल तेव्हा आपल्या टनांचा हिशेब आपल्याच घरात तयार असेल.