कात्री आणि कैची : एका अवजाराची दोन नावे

बालाघाट आणि गोंदिया या शेजारी जिल्ह्यांच्या बाजारांत हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी या भाषा एकमेकींच्या कानाला लागून नांदतात. येथील शिंपी किंवा केस कापणारा कारागीर आपल्या अवजाराला बहुधा 'कैची' म्हणतो. मराठीचे पाठ्यपुस्तक मात्र 'कात्री' म्हणते. त्यामुळे विद्यार्थ्याने वहीत 'कैची' लिहिले, की ते खोडून 'कात्री' करण्याकडे अनेक शिक्षकांचा कल असतो. एक शब्द परका आणि दुसरा आपला, असे कारण त्यामागे असते. हे कारण कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'कात्री' या शब्दाचे मूळ संस्कृत 'कर्तरी' यात आहे. 'कृत्' म्हणजे कापणे, या धातूपासून तो बनला. प्राकृतात 'कर्त'चे 'कत्त' झाले आणि पुढे मराठीत 'कातर', 'कात्री' ही रूपे रूढ झाली. कातरणे आणि वर्तमानपत्राचे कात्रण हे याच घरातले शब्द होत. नृत्यातील 'कर्तरीमुख' मुद्रेत दोन बोटे कात्रीच्या पात्यांसारखी फाकवतात. हिंदीतही हे घराणे आहे; 'कतरना', 'कतरन' आणि 'कतरनी' हे शब्द त्याचीच साक्ष देतात. म्हणजे हिंदीकडे फक्त 'कैंची' आणि मराठीकडे फक्त 'कात्री', अशी वाटणी मुळातच झालेली नाही.

'कैची' हा शब्द तुर्की भाषाकुळातला असून तो फारसीच्या मार्गाने भारतीय भाषांत आला. आजही उझबेक आणि किरगिझ भाषांत या अवजाराला 'कायची' म्हणतात, तर कझाक भाषेत 'कायशी'. फारसीतही 'कैची' हाच शब्द चालतो. गंमत अशी, की खुद्द तुर्कस्तानच्या आजच्या भाषेत कात्रीला 'मकास' म्हणतात आणि तो शब्द अरबी 'मिकस्स'वरून आलेला आहे. म्हणजे तुर्कांनीही आपल्या कुळातील शब्द घरात असताना शेजाऱ्याचा शब्द उचलला. अवजारांच्या नावांत सोवळेओवळे कोणत्याच भाषेला पाळता आलेले नाही.

अरबीत आणि उर्दूच्या ग्रांथिक भाषेत कात्रीला आणखी एक नाव आहे, 'मिक्राज'. मूळ धातूच्या आधी 'मि' लावून साधनाचे नाव बनवण्याची अरबीची एक रीत आहे. 'फतह' म्हणजे उघडणे, त्यावरून 'मिफ्ताह' म्हणजे किल्ली. तसेच 'कर्ज' म्हणजे कापणे, त्यावरून 'मिक्राज' म्हणजे कापण्याचे साधन. मराठीत रोज वापरला जाणारा 'कर्ज' हा शब्द याच धातूचा आहे. आपल्या मालमत्तेतून कापून दुसऱ्याला दिलेला तुकडा ते कर्ज, असा त्याचा अर्थ जुने अरबी कोशकार लावतात. कर्ज फेडताना शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा बसतो, तो वेगळा. पण शब्दाच्या पोटात कात्री आधीपासूनच आहे.

मराठीने 'कात्री' आणि 'कैची' हे दोन्ही शब्द ठेवले आणि त्यांना कामे वाटून दिली. खर्चाला 'कात्री' लागते, सिनेमातील दृश्यावर 'कात्री' चालते. घराच्या छपराला आधार देणारा तिरप्या वाशांचा सांगाडा मात्र 'कैची' होय; कारण त्यात दोन वासे कात्रीच्या पात्यांसारखे माथ्याशी जुळतात. कुस्तीत पायांची 'कैची' घालतात. उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून सायकल शिकणारे मूल 'कैची' चालवते. दोन बाजूंनी अडचणीत आलेला माणूस 'कैचीत' सापडतो, तसा 'कात्रीत'ही सापडतो. सलूनच्या पाटीवर 'केशकर्तनालय' असते आणि आत कारागिराच्या हातात कैची असते. पाटीवरचे 'कर्तन' संस्कृतातले आणि हातातली कैची तुर्की कुळातली, तरी केस नीटच कापले जातात.

हे शब्द येथे शेजारी का नांदले, हे या प्रदेशाच्या इतिहासावरून उमगते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने सतराव्या शतकाच्या अखेरीस इस्लाम स्वीकारला आणि 1702 च्या सुमारास नागपूर वसवले. त्याने बाहेरून हिंदू आणि मुसलमान कारागीर व शेतकरी आणून वसवल्याचे उल्लेख इंग्रजी अमदानीतील नोंदींत आढळतात. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. कारागीर एका गावातून दुसऱ्या गावी गेला, की अवजाराबरोबर त्याचे नावही जाते. प्रांताची सीमा बदलली, म्हणून ते परत येत नाही.

शब्दांच्या शुद्धतेचा वाद मराठीला नवा नाही. कवी माधव जूलियन म्हणजे मा. त्रिं. पटवर्धन हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा 'फार्सी-मराठी कोश' 1925 मध्ये प्रसिद्ध झाला; पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. वाद झाले, तरी कारागिरांनी आपले शब्द टाकले नाहीत.

व्यवसाय शिक्षणाच्या वर्गात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. जो विद्यार्थी घरी वडिलांच्या हाताखाली 'कैची' धरायला शिकला, त्याच्या शब्दावर लाल रेघ मारली, तर घरचे ज्ञान वर्गात चालत नाही, असा धडा तो शिकतो. त्याऐवजी शिक्षकांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. शिंपी, माळी, पत्र्याचे काम करणारा आणि छप्पर बांधणारा सुतार कोणत्या वस्तूला काय म्हणतात, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. परीक्षेत प्रमाण शब्द लिहिण्याची सवय अवश्य लावावी. परंतु 'कैची' चूक नाही, ती मराठीच आहे, हेही त्याच तासाला सांगावे.