भाडेपट्ट्याच्या जागेवरील फ्लॅट : घेताना आणि विकताना

गावातले दुकान किंवा कारखाना सांभाळून परभणीत किंवा औरंगाबादेत (२०२३ पासूनचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा, असा विचार बोरीसारख्या गावातील पुष्कळ व्यापारी व कारागीर बंधू करतात. मुलांच्या शिक्षणाची सोय होते आणि पैसाही सुरक्षित राहतो. अशा वेळी दलाल कधी कधी शेजारच्या फ्लॅटपेक्षा कमी किमतीचा फ्लॅट दाखवतो आणि जाता जाता सांगतो, "जागा भाडेपट्ट्याची आहे, पण काही अडचण येत नाही."

अडचण येते की नाही, हे दलालाच्या शब्दावर ठरत नाही. ते मूळ भाडेपट्ट्याच्या कागदावर ठरते. म्हणून इसार देण्यापूर्वी तो कागद वाचणे, ही या व्यवहारातील पहिली आणि सर्वांत मोठी खबरदारी आहे.

भाडेपट्टा म्हणजे काय?

मालकी हक्काच्या मिळकतीत जमीन आणि इमारत दोन्ही खरेदीदाराच्या होतात. भाडेपट्ट्यात जमिनीचा मालक दुसराच असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार भाडेपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, मोबदला घेऊन दिलेला उपभोगाचा हक्क. फ्लॅट विकणारा मनुष्य पट्टेदार असेल तर तो आपल्याला त्याच्याजवळ असलेलेच विकू शकतो. त्याच्याजवळ असतात ती पट्ट्याची उरलेली वर्षे आणि त्याबरोबर पट्ट्याच्या सर्व अटी.

समजा, जागेचा पट्टा १९७६ साली ९९ वर्षांसाठी झाला. तो २०७५ साली संपेल. आज घेणाऱ्याला ही मुदत भरपूर वाटते. परंतु त्याच्या मुलाने २०५० साली फ्लॅट विकायला काढला, तर नव्या गिऱ्हाइकाच्या हाती पंचवीसच वर्षे उरतील. त्या वेळी बँक कर्ज देताना हात आखडता घेईल आणि भावही पडेल. म्हणून भाव ठरवताना फ्लॅटचे चौरस फूट मोजावेत, तशी पट्ट्याची उरलेली वर्षेही मोजावीत.

मुदत संपल्यावर काय होईल, हेही कागदातच पाहावे. नूतनीकरण पट्टेदाराच्या हक्काचे आहे की मालकाच्या मर्जीवर, नवे भाडे कसे ठरणार आणि इमारतीचे काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे लिहिलेली नसतील तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मालकाची परवानगी

कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे करारात मनाई नसेल तर पट्टेदार आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो. परंतु मोठ्या संस्थांच्या पट्ट्यांत ही मनाई बहुधा असतेच. पूर्वपरवानगी घ्यावी, हस्तांतरण शुल्क भरावे आणि मगच दस्त करावा, अशी अट असते. अट मोडल्यास पट्टा रद्द करण्याचा अधिकार मालक राखून ठेवतो. म्हणून जमीन कोणाची आहे हे आधी पाहावे.

सिडको : औरंगाबादेत सिडकोने वसवलेल्या भागातील घरे व भूखंड पट्ट्याने दिलेले आहेत. येथे विक्रीपूर्वी सिडकोचे ना-हरकत पत्र आणि हस्तांतरण शुल्क हा महत्त्वाचा भाग आहे. तेथील नागरी सुविधा महापालिकेकडे आहेत, म्हणून महापालिकेची कराची पावती विकणाऱ्याच्या नावे असते. एवढ्यावरून सिडकोच्या दप्तरी पट्टाही त्याच्याच नावे आहे असे समजू नये. तीन हात बदललेल्या घराचा पट्टा अजून पहिल्याच माणसाच्या नावे असू शकतो. सिडकोच्या जागा मालकी हक्काच्या करण्याची चर्चा नेहमी होते. पण आपल्या घराबाबत तसा दस्त हाती येईपर्यंत ते घर पट्ट्याचेच धरून चालावे.

एमआयडीसी : कारागीर बंधूंना हा विषय जवळचा आहे. महामंडळाचे भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात. मात्र सुरुवातीला मिळतो तो पट्टा देण्याचा करार. ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण झाल्यावर खरा पट्टा होतो. रिकामा किंवा अर्धवट बांधलेला भूखंड विकणाऱ्याजवळ बहुधा पट्टा नसतोच, फक्त करार असतो.

ग्रामपंचायत : गावातील ग्रामपंचायतीच्या गाळ्यांचे हस्तांतरण सरपंच किंवा ग्रामसेवकाच्या तोंडी संमतीने होत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जरूर तेथे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी पाहावी. नमुना नंबर ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो, तो मालकीचा पुरावा नव्हे.

संस्थेची जागा : नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्याने द्यायची असेल, तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

वक्फची जागा

मराठवाड्यात मशीद, दर्गाह व कब्रस्तान यांच्या इनामी जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी काहींवर दुकाने व घरे उभी आहेत. येथे विशेष सावध राहावे. वक्फ मिळकत विकता येत नाही. मुतवल्लीने विकली तरी ती विक्री मुळातच रद्दबातल ठरते. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या वक्फ कायद्याने तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे पट्टे रद्दबातल ठरवले होते. २०१३ च्या दुरुस्तीने व्यापार, शिक्षण व आरोग्य या कारणांसाठी राज्य शासनाच्या मान्यतेने तीस वर्षांपर्यंत पट्टा देण्याची मुभा दिली. त्यापुढील मुदतीचा पट्टा आजही चालत नाही. २०२५ साली या कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या आणि त्यांतील काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम स्थगिती दिली. परंतु मुतवल्लीच्या एकट्याच्या सहीने मिळकत देता येत नाही, हा नियम त्यामुळे बदललेला नाही.

तेव्हा वक्फ जागेवर "९९ वर्षांचा नवा पट्टा" कोणी देऊ करीत असेल, तर तेथूनच परत फिरावे. सर्व्हे नंबर घेऊन राज्य वक्फ मंडळाच्या औरंगाबाद येथील पाणचक्कीजवळील कार्यालयात नोंद तपासावी. यात आपला पैसा वाचतोच, शिवाय समाजाची अमानतही वाचते.

बाँडवरचा सौदा

आपल्याकडे बाँड पेपरवर मजकूर लिहायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि चावी घ्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा आणि त्याचे हस्तांतरण नोंदणीकृत दस्तानेच करावे. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकांसमोर सादर करावा लागतो. मुखत्यारपत्रावर घर विकत घेतल्याने हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. पूर्वी नोंदणी नसलेला करार आणि ताबा असला तरी खरेदीदाराला काही संरक्षण मिळत असे. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या अशा करारांना ते संरक्षण राहिलेले नाही.

मुद्रांक वाचवण्यासाठी लोक बाँडची वाट धरतात. परंतु शासन लांब मुदतीच्या पट्ट्याला जवळजवळ विक्रीच मानते. महाराष्ट्रात २९ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नवा पट्टा असेल तर बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागतो. चालू पट्टा दुसऱ्याच्या नावे करतानाही खरेदीखताचाच दर आहे. हा खर्च भाव ठरवतानाच धरावा.

रकमेबाबतही नियम आहे. २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतल्यास घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. इसार धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून भरावयाचा असतो.

वारसांच्या सह्या

अनेक सौदे येथे फसतात. पट्टेदार वारला तर पट्ट्याचा हक्क वारसांकडे जातो. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात मृत्यूच्या क्षणीच प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा ठरतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पना त्यात नाही. थोरल्या भावाने केलेली सही त्याच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतीच चालते.

समजा, मयताचे आईवडील हयात नाहीत आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. फ्लॅटची किंमत २० लाख असेल तर हनफी कायद्याप्रमाणे पत्नीचे अडीच लाख, प्रत्येक मुलाचे सात लाख आणि मुलीचे साडेतीन लाख होतात. सासरी गेलेल्या मुलीची सही "नंतर घेऊ" म्हणून सोडली, तर तेवढा हिस्सा खरेदीदाराला मिळालाच नाही. शिवाय ती बहीणही आपल्या हक्काला मुकते.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर आणखी जपावे. मुस्लिम कायद्यात आई ही अज्ञान मुलाच्या मिळकतीची कायदेशीर पालक नसते. आईने किंवा भावाने मुलाचा हिस्सा विकायचा असेल तर जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते.

तोंडी हिबा आपल्या कायद्यात मान्य असला तरी सिडको किंवा एमआयडीसी केवळ तोंडी हिब्यावर नाव बदलून देत नाही. पट्ट्यात पूर्वपरवानगीची अट असेल तर ती येथेही आड येऊ शकते.

विकणाऱ्याने काय करावे?

गिऱ्हाईक शोधण्यापूर्वीच आपल्या नावाची नोंद, भूभाडे, सोसायटीची बाकी आणि बँकेचा बोजा यांची पूर्तता करावी. हस्तांतरण शुल्क कोण भरणार आणि परवानगी नाकारली गेल्यास इसार किती दिवसांत परत करायचा, हे इसार पावतीत लिहावे. बहुतेक भांडणे या दोन ओळी नसल्यामुळे होतात. संपूर्ण रक्कम मिळेपर्यंत ताबा देऊ नये. पट्ट्याची उरलेली मुदतही गिऱ्हाइकापासून लपवू नये. माल विकताना त्यातला दोष सांगावा, हा जो दुकानातला नियम, तोच येथे.

घेणाऱ्याने काय पाहावे?

१. मूळ भाडेपट्टा आणि त्यानंतरचे सर्व हस्तांतरणाचे दस्त.
२. मालक संस्थेच्या दप्तरी आज पट्टा कोणाच्या नावे आहे, याचे लेखी पत्र.
३. ना-हरकत पत्र. सोसायटी असेल तर तिचे पत्र वेगळे घ्यावे.
४. शहरात मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध.
५. बांधकाम परवाना व भोगवटा प्रमाणपत्र. नव्या इमारतीसाठी महारेराची नोंदणी.
६. कर्ज घ्यायचे असेल तर गहाण ठेवण्याची परवानगी.

हे कागद मिळवायला महिना-दोन महिने लागतील आणि वकिलाची फी पडेल. विकणारा "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे" म्हणून घाई करील. त्याला उभे राहू द्यावे. कागद दाखवायला जो तयार नाही, त्याला आयुष्यभराची कमाई देण्याचे कारण नाही.