घराआधी जागा

करोंद ओलांडून बैरसिया रस्त्याला लागलं की भोपाळच्या कडेला सरकारी जमिनीचे तुकडे अजून दिसतात. गरिबांच्या घरांसाठी असाच एक तुकडा पाहायला निघालेल्या मंडळींबरोबर मी गेलो होतो. पटवाऱ्याने, म्हणजे तिथल्या तलाठ्याने, खसऱ्याचा (जमिनीच्या गटांचा) नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि बोट फिरवलं, ‘यहाँ से यहाँ तक.’ कागदावर जागा चौकोनी, मोकळी, कुणाचा दावा नसलेली. बऱ्याच योजनांसाठी जागेची निवड इथेच उरकते, आणि माझा राग त्यावरच आहे.

सोबतचे अभियंते मात्र चालत सुटले. मे महिना, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तिरक्या तडकतात. मुरूम किती खोलवर लागतो ते पाहायला त्यांनी खड्डा खणायला लावला. मग नाल्याकाठच्या बाभळी दाखवल्या. फांद्यांत छातीच्या उंचीवर प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या. पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. नकाशात तो नाला म्हणजे केसाएवढी रेघ! शेवटी रस्त्याकडेच्या किराणा दुकानात त्यांनी विचारलं, हँडपंपाचं पाणी पिता का? दुकानदार म्हणाला, धुण्याभांड्यांना चालतं.

भोपाळमध्ये हा प्रश्न विचारलाच पाहिजे. युनियन कार्बाइडचा कारखाना इथे 1969 मध्ये आला. 1975 मध्ये महेश बुच या सनदी अधिकाऱ्यांनी तो शहराबाहेर हलवावा असा आग्रह धरला. कारखाना हलला नाही. पुढे 1984 च्या कायद्याने, 10 एप्रिल 1984 रोजी ज्याची झोपडी जिथे होती तिथेच त्या भूमिहीनाला 50 चौरस मीटरपर्यंत पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मिळू लागला. पट्टे कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतही पोचले. त्याच वर्षी डिसेंबरात कारखान्यातून विषारी वायू सुटला, आणि रस्त्यापलीकडच्या जेपी नगराने पहिला घोट घेतला. पट्टा देणं मला आजही न्याय्यच वाटतं. माणसं कामाच्या आसऱ्याने तिथे राहिली होती. पण हक्काचा कागद देताना भिंतीपलीकडे काय साठवलंय, हे पाहणं सरकारचं काम होतं. कारखान्याच्या कचऱ्याने तिथलं भूजलही नासलं. वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये द्यावा लागला.

वायुकांडातल्या विधवांसाठी करोंदला सुमारे अडीच हजार घरांची वसाहत उभी राहिली. घरं मिळाली, पण कमावतं माणूस गेलेल्या बायकांना शहराच्या टोकाला एकत्र नेऊन ठेवण्यात कुणाची सोय पाहिली गेली? करोंदहून अरेरा कॉलनीत धुणीभांडी करायला जाणारी बाई उजाडण्याआधी निघते, वाहन बदलते, भाडं भरते. एका घरचं काम सुटलं की हिशेब बसत नाही. मग अशा कुटुंबांतलं कुणीतरी पुन्हा शहरात, नाल्याकाठी झुग्गी टाकतं, आणि सरकारी घराला कुलूप लागतं. जमीन स्वस्त पडली असं फाइल सांगते. रोजचं भाडं फाइलीत नसतं.

म्हणून जिथे वस्ती आहे तिथेच बांधणं मला अधिक पटतं. भोपाळमधल्याच श्यामनगरची ‘मल्टी’, म्हणजे बहुमजली घरं, तशी झाली. त्या इमारतींच्या देखभालीबद्दल खूप बोलता येईल, पण तिथल्या माणसांचं काम हातून गेलं नाही.

परतताना अभियंत्यांनी तपासणीचा तक्ता भरला. नाल्याकडची पट्टी वगळा. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. नळ आल्याशिवाय पाया नको. छापील तक्त्यात बसचा रकाना नव्हता. त्यांनी तो पेनाने आखला आणि पटवाऱ्याला विचारलं, सकाळी सहाला इथून गाडी मिळते का? त्याला ठाऊक नव्हतं. पुढची भेट त्या वेळेची ठरली, आणि जीपने नाही, बसने.